नव्या बाईंच्या शेजारी कोण बसणार?



“मामा, मी राजीनामा लिहून ठेवलाय. खाली फक्त तारीख टाकायची राहिलीय.”

रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या भाचीचा हा फोन आला तेव्हा आम्ही नुकतेच ताटावर बसलो होतो. २०२४ सालचा ऑगस्ट महिना. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून रुजू होऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. नेमणुकीचा आदेश हातात पडला त्या दिवशी आमच्या ताईने वस्तीत घरोघर पेढे वाटले होते. दाजी मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी आपल्या सगळ्या टोळीला चहा पाजला आणि “आमची लेक मास्तरीण झाली” असे ज्याला त्याला थांबवून सांगितले. आणि आता हीच लेक म्हणत होती, “मला नाही जमत मामा. मी त्या लायकीचीच नाही.”

लायकी! डी.एल.एड. झाले, टीईटी झाली, २०२३ ची अभियोग्यता चाचणी झाली, पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरून महिनोन्‌महिने वाट पाहणे झाले. शासनाने चाळणीवर चाळणी लावून जिला लायक ठरवले, तिला एका वर्गखोलीने अडीच महिन्यांत नालायक ठरवले होते. आम्ही तिला एवढेच म्हणालो, “बाई, तारीख टाकू नकोस. रविवारी आम्ही येतो.”

हा विषय आमच्या एका घरापुरता असता तर आम्ही तो या सदरात आणला नसता. २०१२ साली राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली. पुढे कितीतरी वर्षे डी.एड. झालेली मुले घरी बसली. कुणी रिक्षा चालवली, कुणी मॉलमध्ये पहारा केला. २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले, तरी भरती रखडतच चालली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये एकदम ११ हजारांहून अधिक उमेदवारांची शिफारस झाली. त्यात हमालांची, सफाई कामगारांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुलेमुली किती असतील, ते ज्याने त्याने आपल्या गल्लीतच मोजावे. पोर नोकरीला लागले की आपण सुस्कारा टाकतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि त्या परीक्षेला पोर एकटेच बसलेले असते.

रविवारी आम्ही एस.टी.ने निघालो. शाळा शेजारच्या जिल्ह्यात, डोंगरकडेच्या एका तांड्यावर. सोमवारची किरकोळ रजा टाकूनच गेलो होतो, कारण शिकवणे कसे चालते ते शाळा भरल्याशिवाय दिसणार नव्हते.

दोन खोल्या, चार वर्ग, दोन शिक्षक, एक्केचाळीस मुले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे कागदावर सगळे बरोबर. जुने गुरुजी तिसरी-चौथी सांभाळून मुख्याध्यापकाचा प्रभारही पाहात होते. पहिली आणि दुसरी आमच्या भाचीकडे. आम्ही बऱ्याच शाळांत पाहिले आहे, सगळ्यात नवा शिक्षक आला की पहिली त्याच्या गळ्यात पडते. वास्तविक पहिलीसारखा अवघड वर्ग दुसरा नाही. घरातून प्रथमच बाहेर पडलेले लेकरू, त्याला बसायला शिकवायचे, बोलते करायचे आणि मग अक्षराला हात घालायचा. हे काम सगळ्यात मुरलेल्या माणसाचे. पण आपल्याकडे मोठा वर्ग म्हणजे मोठा मान, अशी समजूत आहे.

आम्ही मागे चटईवर बसलो. पोरीचा घसा परिपाठ संपेपर्यंतच बसला होता. ती फळ्याकडे तोंड करून पाच-सहा मिनिटे लिहीत होती आणि तेवढ्यात मागे बाजार भरत होता. दुसरीच्या मुलांना काम दिलेले नव्हते, ती पहिलीच्या मुलांच्या पाट्या ओढत होती. एक मुलगा दोनदा उठून बाहेर पळाला. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून तिने विचारले, “हे कोण?” मुले ओरडली, “याडी!” तिने सांगितले, “याडी नाही, आई म्हणायचं.” मुले गप्प झाली. तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी बोलतात. आईला याडी म्हणतात. ज्या लेकराने बरोबर उत्तर दिले होते, त्याला ते चूक असल्याचे कळले. असे दिवसातून किती वेळा होत असेल कोण जाणे.

इतक्यात गुरुजी दारात आले. “मॅडम, तालुक्याला माहिती पाठवायचीय, अकराच्या आत. तुम्हाला मोबाइलचं जमतं, तेवढं भरून टाका.” पोरगी वर्ग सोडून अंगणात रेंज शोधत उभी राहिली. गुरुजी वाईट मनुष्य नव्हेत. त्यांनी आम्हाला चहा दिला, आपल्या डब्यातली भाकरी पुढे केली. पण त्यांनाही नव्याने लागताना कुणी काही शिकवले नव्हते. “आम्ही नाही का पडत-झडत शिकलो,” असे ते म्हणाले. त्यांच्या या वाक्यावर आम्ही येताना एस.टी.त फार विचार केला.

आमच्याच नोकरीचे पाहा. आम्ही बी.कॉम. होऊन कारकून म्हणून लागलो त्या दिवशी हेडक्लार्कने आम्हाला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. महिनाभर आवक-जावकाशिवाय दुसरे टेबल दिले नाही. पहिली टिपणी लिहिली तेव्हा त्यांनी पेन्सिलीने सात ठिकाणी खुणा केल्या, आणि साहेबांकडे ती आमच्या नावाने गेली. चूक झाली तर कागद बदलता येत होता. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी वर्ष-दोन वर्षे विटा देतो, मग थापी धरतो. एस.टी.च्या नव्या चालकालाही पहिल्या दिवशी एकट्याने घाटातून गाडी काढायला कोणी सांगत नाही. शिक्षकाला मात्र पहिल्या दिवशी किल्ली, हजेरीपट आणि खडू हातात दिला की झाले. पंचवीस वर्षांच्या गुरुजींना जे काम, तेच आणि तेवढेच काम बावीस वर्षांच्या पोरीला. शिवाय वर्गाचे दार लावले की तिचे काम कुणी पाहात नाही आणि तिलाही दुसऱ्याचे काम पाहायला मिळत नाही. डी.एल.एड.ला असताना सराव पाठ होतात हे खरे. पण तिथे वर्ग दुसऱ्याचा असतो, शिस्त दुसऱ्याने लावलेली असते आणि तास संपला की आपण मोकळे.

मग पोरीने कुणाला विचारले का नाही? आम्ही तिला हेच विचारले. ती म्हणाली, “मामा, विचारलं तर म्हणतील, हिला येत नाही.”

शिक्षण सेवक योजना राज्यात २००० साली आली. पहिली तीन वर्षे ठरावीक मानधन आणि सेवा समाधानकारक ठरली तर पुढे नियमित वेतनश्रेणी. ‘समाधानकारक’ हा शब्द नव्या शिक्षकाच्या डोक्यावर तीन वर्षे टांगलेला असतो. आता जो मनुष्य वरिष्ठ म्हणून तिचा अहवाल पाठवणार, त्याच्याकडे जाऊन “मला दोन वर्ग एकदम सांभाळता येत नाहीत” असे कोण सांगेल? आजारी माणसाने दुखणे डॉक्टरपासूनच लपवावे अशी ही व्यवस्था. आमचे मत असे की, शिकवायला मदत करणारा मनुष्य आणि शेरा लिहिणारा मनुष्य हे दोन वेगळे असले पाहिजेत. हे साधे तत्त्व पाळले तर निम्मे काम होईल.

योजना नाहीत असे मात्र कुणी म्हणू नये. १९९४ साली शासनाने केंद्रप्रमुख हे पद निर्माण केले ते याचसाठी. दहा-एक शाळांचे एक केंद्र, त्यावर एक अनुभवी शिक्षक, त्याने शाळाशाळांत जाऊन वर्गात बसायचे, पाठ घेऊन दाखवायचा, महिन्यातून एकदा साऱ्यांची परिषद भरवायची. कल्पना उत्तम होती. पण पुढे पदे रिकामी राहात गेली. २०२३ मध्ये २,३८४ पदांसाठी परीक्षा जाहीर झाली, तीही पुढे ढकलली गेली. जिथे केंद्रप्रमुख आहेत, तिथेही त्यांचा दिवस आकडे गोळा करून वर पाठवण्यात जातो. शाळेत येतात, रजिस्टरे पाहतात, शेरेबुकात चार ओळी लिहितात, पाणी पिऊन पुढच्या शाळेला. त्यांचाही दोष किती म्हणावा? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही मार्गदर्शक शिक्षकांच्या एका राष्ट्रीय मोहिमेचा उल्लेख आहे. दिल्लीतली मोहीम तांड्यावर पोचेल तेव्हा पोचेल. आमच्या भाचीचा राजीनामा पेटीत तयार होता.

खोलीचेही सांगितले पाहिजे. तांड्यावर राहायला जागा नव्हती म्हणून तिने दोन मैलांवरच्या गावात खोली पाहिली. घरमालकिणीने आधी हो म्हटले. कपबशी पुढे करता करता आडनाव विचारले आणि मग “अहो, आमच्या पाहुण्यांना लागणार आहे खोली” असे झाले. असे तीन घरी झाले. चौथ्या घरी एका म्हातारीने आडनाव न विचारता खोली दिली, ती छपराची. पोरगी हे तीन महिने घरी बोलली नव्हती. आईला वाईट वाटेल म्हणून. शिकलेल्या माणसाला हे चुकले असते तर बाबासाहेबांना तरी चुकले असते. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, परदेशच्या पदव्या घेऊन. तिथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. पहिल्याच नोकरीत, एकटेपणात, हे जेव्हा अंगावर येते तेव्हा ते वर्गातही बरोबर येते. घसा नुसता ओरडून बसत नाही.

पैशाचेही तसेच. योजना सुरू झाली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना ३,००० रुपये मिळत. पुढे ६,००० झाले. २०२३ मध्ये ते १६,००० झाले. सोळा हजार ऐकायला बरे वाटतात. त्यातून खोलीचे भाडे, डबा, जीपचे भाडे, मुलांसाठी स्वतःच्या पैशाने आणलेले रंगीत कागद आणि खडू, डी.एल.एड.च्या वेळी पतपेढीतून काढलेले कर्ज. वर घरून फोन, “पगार झाला का गं?” आम्ही ताईला स्पष्ट सांगितले, पहिले सहा महिने पोरीच्या पगाराकडे पाहू नका. दाजींना राग आला. चार दिवस बोलले नाहीत. पण ऐकले.

आता उपायाचे. आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याने सांगितले की तालुक्याच्या गावी एक निवृत्त बाई राहतात. एकतीस वर्षे नोकरी, त्यातली बहुतेक पहिलीवर. आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “रडते का?” आम्ही म्हटले, रडते. “मग चांगली शिक्षिका होईल. ज्यांना काही वाटत नाही त्यांची मला भीती वाटते.”

पण बाहेरच्या माणसाला वर्गात बसायचे तर रीतसर परवानगी लागते. इथे आमचा कारकुनी धंदा कामाला आला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती असते, पण कायद्याने तिला वजन आहे. तांड्यावरच्या पालकांना आम्ही सांगितले, तुमच्या लेकरांसाठी एक जुन्या बाई फुकट यायला तयार आहेत. समितीने ठराव केला, गुरुजींनी तो पाठवला, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून तीन आठवड्यांनी परवानगी आली. आठवड्यातून एक दिवस, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. बसभाडे आम्ही तिघांनी वाटून घेतले.

पहिल्या दिवशी त्या बाई काहीच बोलल्या नाहीत. वहीसुद्धा काढली नाही. मुलांत बसल्या, एका मुलीची वेणी घालून दिली, संध्याकाळी निघून गेल्या. भाचीला वाटले, आता ही बाई बाहेर जाऊन काय सांगणार! दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “आज तू दुसरीत बस, मी शिकवते.” पोरगी मुलांच्या शेजारी चटईवर बसली आणि तिथून तिला पहिल्यांदा कळले की फळ्याच्या खालच्या ओळी मागच्या मुलांना दिसतच नाहीत. तिसऱ्या खेपेला दोघींनी मिळून वर्ग घेतला. पाचव्या खेपेला बाई लिंबाखाली बसून राहिल्या, आत आल्याच नाहीत.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी लहान लहान होत्या. फळ्यावरचे लिखाण परिपाठाच्या आधी करून ठेव, मुलांकडे पाठ फिरवू नकोस. पहिलीला तोंडी काम चालू असताना दुसरीच्या हातात लिखाण असलेच पाहिजे, आणि उलटही. दुसरीतल्या वाचता येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिलीतले एक पोर जोडून दे. आवाज चढला की मुलांचाही चढतो, तेव्हा गप्प उभी राहा. ती गप्प राहिल्यावर मुले खरेच गप्प होतात हे पाहून पोरीने आम्हाला मुद्दाम फोन केला होता. आणि ‘आई’च्या चित्राखाली त्यांनी खडूने दोन शब्द लिहिले, आई आणि याडी. मग मुलांनाच विचारले, पाण्याला काय म्हणता, भाकरीला काय म्हणता. त्या दिवशी शिक्षिका चटईवर होती आणि पहिलीतली पोरे शिकवत होती.

त्यांचा एक नियम आम्हाला फार आवडला. एका खेपेला एकच गोष्ट सांगायची. दहा चुका दिसल्या तरी नऊ गिळायच्या. “दहा सांगितल्या की पोरगी त्या रात्री झोपत नाही आणि सकाळी एकही लक्षात राहात नाही.” हे आमच्यासारख्या भाषणबाज माणसाला आयुष्यात आधीच कुणी सांगायला हवे होते.

आमच्याकडून एक गोष्ट झाली ती अशी. शाळेला वर्षभर कोणते कागद केव्हा द्यावे लागतात, याची यादी कुठेच नव्हती. गुरुजींच्या डोक्यात होती. एका शनिवारी आम्ही त्यांच्यापुढे कार्डशीट घेऊन बसलो. पोषण आहाराचा मासिक हिशेब, हजेरीचा गोषवारा, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, यू-डायसची माहिती, समितीच्या सभा, सारे महिन्यामहिन्याच्या चौकोनात मांडले. कोणते काम गुरुजींचे आणि कोणते भाचीचे, तेही लाल-निळ्या शाईने. अकराच्या आत मागवायची माहिती आदल्या संध्याकाळी भरून ठेवता येते, असे त्यातून निघाले. गुरुजी सांगता सांगता रंगले. आपल्या पहिल्या शाळेच्या गोष्टी निघाल्या. एक नदी, पावसाळ्यात पोहून जायची. त्यांनाही कुणी विचारले नव्हते इतकी वर्षे.

आपल्या परंपरेत ही गोष्ट किती जुनी आहे! विनयात सांगितले आहे की नव्या भिक्खूने निदान पाच वर्षे आचार्याच्या किंवा उपाध्यायाच्या आश्रयाने राहावे. उपाध्यायाने त्याला मुलासारखे मानावे आणि त्याने उपाध्यायाला वडिलांसारखे. कर्तव्ये दोघांनाही सांगितली आहेत. शिष्य आजारी पडला तर त्याची सेवा उपाध्यायाने करायची. नुसता उपदेश करून सुटका नाही. आणि सावित्रीबाई १८४८ साली भिडेवाड्यात उभ्या राहिल्या त्या काही आकाशातून शिकून आल्या नव्हत्या. त्यांना जोतिरावांनी शिकवले होते, बरोबर सगुणाबाई होत्या, पुढे फातिमा शेख होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी ऑक्टोबरात जोतिरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे सारे काम फातिमावर पडले असेल, तिला त्रास होत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशी काळजी त्यात आहे. स्वतः अंथरुणावर असताना आपल्या सहकारी शिक्षिकेचा भार किती झाला असेल, हा विचार! आपण ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या नव्या मास्तरणीची खोली पावसात गळते का, एवढे तरी विचारावे.

हुरूप आला म्हणून आम्ही डिसेंबरात वस्तीतल्या विहारात एक कार्यक्रम घेतला. निवृत्त गुरुजी-बाई आणि नवे शिक्षक यांचा मेळावा. हार झाले, शाली झाल्या, पाच भाषणे झाली. एक निवृत्त गुरुजी पाऊण तास बोलले, “आमच्या वेळी असं नव्हतं” यावर. नवी पोरे-पोरी मागच्या रांगेत मोबाइल पाहात बसली. अध्यक्षीय समारोप आमचा होता आणि तो सगळ्यांत लांबला, हे आमच्या घरी आम्हाला सांगण्यात आले. कार्यक्रम पूर्ण फसला. मग जानेवारीत दुसऱ्यांदा बसलो तेव्हा माईक आणला नाही. नव्यांनी आधी बोलायचे आणि जुन्यांनी फक्त विचारायचे, असे ठरवले. एक मुलगा बोलला, “मला हजेरी घेताना पोरं हसतात.” सगळे हसले, तोही हसला, आणि मग अडचणींची पोती सुटली. त्या दिवशी सात जोड्या जुळल्या. वर्षअखेर तीन टिकल्या. दोघांच्या बदल्या-अंतरामुळे सुटल्या, एका जोडीचे पटलेच नाही, आणि एक निवृत्त गुरुजी वर्गात जाऊन मुलांसमोरच नव्या शिक्षकाच्या चुका काढू लागले म्हणून आम्हीच त्यांना हात जोडले. सातांत तीन हा हिशेब आम्ही लपवत नाही.

ज्यांची पोरे अशा शाळांत शिकतात त्या आईबापांना एक विनंती आहे. नवी बाई आली की गावात, वस्तीत महिन्याभरात निकाल लागतो, “हिला काय येत नाही.” शाळेच्या दारात उभे राहून हे पोरांसमोर बोलले जाते. पोर ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी तिचे ऐकत नाही. तक्रार असेल तर समितीच्या सभेत बोला, बाईंशी एकटीशी बोला. आणि तक्रार नसली तरीही एकदा जाऊन बोला. मुलाचे घरचे नाव काय, तो कशाला घाबरतो, रात्री कुणाजवळ झोपतो, हे तुमच्याशिवाय तिला कोण सांगणार?

भाचीच्या शाळेत सगळे गोड झाले असे नाही. दिवाळीनंतर तांड्यावरची निम्मी घरे ऊसतोडीला गेली. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव करूनही काही लेकरे आईबापांबरोबर गेलीच, आणि मार्चअखेर परत आली तेव्हा पुष्कळ विसरून आली. पहिलीतल्या अकरांपैकी सहा मुले काना-मात्रेचे शब्द वाचू लागली होती. पाच नाही. ती पाच कोण, हे ती आम्हाला फोनवर नावानिशी सांगायची. खोली अजून त्या म्हातारीचीच आहे. छपरावर प्लास्टिक टाकले आहे, आणि म्हातारी आता संध्याकाळी पाटी घेऊन आपले नाव गिरवते.

२०२५ च्या जूनमध्ये शेजारच्या वाडीवरच्या शाळेत एक नवा मुलगा रुजू झाला. पहिलीच त्याच्या गळ्यात पडली. आमच्या भाचीला कुणी सांगितले नव्हते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती जीप पकडून त्याच्याकडे जाते. पहिल्या खेपेला काय बोललीस, असे आम्ही विचारले.

“काही नाही मामा. त्याला ते वर्षाचं कार्डशीट दिलं. लाल-निळ्या शाईचं. त्याने विचारलं, ही जागा कोरी का ठेवलीय. मी म्हटलं, तिथे तुझ्या गुरुजींना विचारून तू भर.”